ईस्टरची जुन्या वळणाची सजावट: कांद्याची सालं, काथ्या आणि लग्नपत्रिका

आमच्या वसईत नाताळचा गोठा कुणाला शिकवावा लागत नाही. पाच वर्षांचं पोरसुद्धा गवत कुठून आणायचं ते सांगतं. ईस्टरच्या सजावटीचं मात्र तसं नाही. टेबलावर धुतलेली पांढरी चादर, फुलदाणीत निशिगंध, एक मेणबत्ती आणि बेकरीतून आणलेली मार्झिपानची (सुक्यामेव्याच्या पिठाच्या आणि साखरेच्या मिठाईची) अंडी, की झालं. चार वर्षांपूर्वी भाचीने मोबाइलवर शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या ईस्टरच्या वस्तूंचे फोटो दाखवले. मधोमध उघडणारी पुठ्ठ्याची अंडी, कापसाची पिल्लं, कडेला सोनेरी नक्षी, आणि सगळ्यावर तो पिवळसर, जरासा मळकट असा काळाचा हात फिरलेला. "मावशी, असं आपल्याला जमेल?" म्हणाली. पहिल्या वर्षी अर्धंच जमलं, उरलेलं झुरळांनी खाल्लं. त्यानंतरच्या तीन ईस्टरमध्ये जे हाताला लागलं ते इथे लिहिते आहे. यापूर्वी कधी कात्री-डिंकाचं काम केलं नसेल त्यांनाही जमेल अशा बेताने.

आधी एक गोष्ट. या जुन्या वस्तू आज संग्राहक महागात घेतात, पण बनल्या तेव्हा त्या स्वस्तातल्याच होत्या. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला पुठ्ठा, छापील कागद, कापूस आणि खळ यांतून त्या तयार होत आणि अमेरिकेपर्यंत जात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अंड्यांवर आतल्या बाजूला 'वेस्टर्न जर्मनी' असा शिक्का असतो, त्यावरून जाणकार त्यांचं वय ओळखतात. म्हणजे मूळ मालच पुठ्ठा आणि कापूस. आपण महागाचं सामान आणून त्याला जुनं भासवायला गेलो तर उलट फसतो. दुकानातली चकचकीत चमकी आणि प्लास्टिकची अंडी लावून मी तेही करून पाहिलं. वाढदिवसाचं टेबल दिसत होतं.

सामान कुठून

बहुतेक घरातच मिळेल. भाजीवाल्याच्या टोपलीच्या तळाशी पडलेली लाल कांद्याची सालं मागा, तो खुशीने पिशवी भरून देईल. आमच्याकडे या दिवसांत अलिबागचा पांढरा कांदाही घरात असतो. खायला उत्तम, पण त्याच्या सालांतून रंग म्हणून काही उतरत नाही, तेव्हा ती मिसळू नका. नारळ सोलले की सोडणं निघतातच, त्यांचा काथ्या हवा. केळीचं सोपट, ज्याने फुलवाले पुड्या बांधतात, तेही सुकवून ठेवा. कापसाचा एक बंडल, मैदा, चहा पावडर, व्हिनेगर, जुनी वर्तमानपत्रं, पांढरी रांगोळी.

आणि लग्नपत्रिका. प्रत्येक घरात कपाटाच्या वर एक पिशवी असते, टाकवत नाहीत म्हणून साठलेल्या पत्रिकांची. त्यांच्या कडांची उठावाची सोनेरी नक्षी ही या सगळ्या कामातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे. जुन्या जर्मन वस्तूंवर ठसे उठवलेल्या सोनेरी कागदाच्या पट्ट्या लावलेल्या असत, त्यांना ड्रेस्डेन म्हणतात. तशा पट्ट्या परदेशातून मागवायच्या तर खिशाला कात्री. आपल्या पत्रिकेची कड बारीक कात्रीने कापली की काम तेच होतं. फक्त देवाचं चित्र किंवा नावं असलेला भाग बाजूला ठेवा, तो कापून अंड्यावर लावणं बरं दिसत नाही, मग पत्रिका कुठल्याही धर्माची असो.

विकत आणायचं ते थोडं: पोस्टर कलरच्या सहा बाटल्या (पांढरा मोठा घ्या), फेव्हिकॉल, क्रेप पेपर, पांढरा पतंगी कागद, बारीक तार, औषधाच्या दुकानातून दहा मिलीची सिरिंज. यातलं बहुतेक गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. एकाच फेरीत सगळं हवं असेल तर मरीन लाइन्सला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीट गाठा आणि लेस हवी असेल तर तिथून भुलेश्वर. पण मी सांगते, पहिल्या वर्षी जाऊ नका. तिथे गेलं की गरज नसलेल्या बारा वस्तू पिशवीत येतात.

कधी सुरू करायचं

ईस्टर दरवर्षी हलतो. 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान कधीही येतो. 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे, म्हणजे बेताचेच दिवस मिळतील. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की मी अंड्यांची टरफलं जमवायला घेते. पुठ्ठ्याचं काम झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आत संपवायचं, कारण पवित्र आठवड्यात देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) इतक्या वेळा जायचं असतं की हाताला डिंक लावायला सवड नसते. मांडायचं मात्र ईस्टरच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी. उपवासकाळात वेदीवर फुलं नसतात आणि घरात आधीच पिवळी पिल्लं बसलेली, हे आजीला कधीच पटलं नसतं.

झावळ्यांच्या रविवारच्या आशीर्वादित झावळ्या या कामात वापरू नका. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी लागणाऱ्या राखेसाठी त्या परत द्यायच्या असतात. साध्या झावळ्या वाडीत हव्या तेवढ्या आहेत.

अंडी रिकामी करणं

अंडं का, असं मुलं विचारतात. नव्या जीवनाची खूण हे उत्तर फादर देतातच. दुसरं उत्तर जास्त घरगुती आहे. मध्ययुगातल्या युरोपात उपवासकाळात अंडी खायला बंदी होती, कोंबड्यांना मात्र ते कुणी सांगितलेलं नव्हतं. चाळीस दिवसांनी घरोघरी अंड्यांचा ढीग साचलेला असे.

अंडं साबणाच्या पाण्याने धुवा. निमुळत्या टोकाला जाड सुईने बारीक भोक पाडा. सुई दाबायची नाही, बोटांत फिरवत राहायची, मग कवच आपोआप वाट देतं. दुसऱ्या टोकाचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं करा. लांब सुई आत घालून पिवळा बलक फोडा, नाहीतर तो भोकाशी येऊन बुचासारखा बसतो. आता सिरिंजचं तोंड (सुई काढून टाकलेली) वरच्या भोकावर टेकवून हळू हळू हवा आत ढकला. खाली वाटी धरा. तोंडाने फुंकायची जुनी पद्धत आहे, पण कच्च्या अंड्याला तोंड लावणं टाळलेलं बरं, आणि गालही दुखतात. रिकामं झालं की सिरिंजनेच पाणी आणि थोडं व्हिनेगर आत सोडून दोनदा खळखळवा.

मग वाळवणं. पुस्तकात 'रात्रभर' लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याने समुद्राकाठचा एप्रिल पाहिलेला नसतो. आपल्याकडे मोठं भोक खाली करून अंड्यांच्या ट्रेमध्ये दोन दिवस पंख्याखाली ठेवा. आत ओल राहिली तर आठवड्याभरात वास सांगतोच. वाटीतल्या अंड्यांचं त्या रात्री ऑम्लेट. आठ अंड्यांच्या वर एका दिवशी फोडू नका, नाहीतर घरचे पुढच्या वर्षी विरोध करतील.

गावठी अंडी मिळाली तर जरूर घ्या. त्यांचा फिकट बदामी रंग मुळातच जुना वाटतो, काही अंडी तर मी रंगवतसुद्धा नाही.

सालांचा रंग

दहा-बारा कांद्यांची सालं तीन वाट्या पाण्यात अर्धा तास उकळा. पाणी आटून गडद तपकिरी-लाल होतं. गाळून गार करा, एका वाटीला एक चमचा व्हिनेगर घाला. पांढऱ्या अंड्यावर यातून विटकरीपासून गडद लालसर तपकिरीपर्यंत छटा येतात, जितका वेळ ठेवाल तितकी गडद.

रिकामं अंडं पाण्यावर तरंगतं, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. अर्धं लाल, अर्धं पांढरं अशी डझनभर अंडी पहिल्या वर्षी निघाली. सिरिंजने रंगाचं पाणी आतही भरा, म्हणजे ते बुडतं, किंवा वरून छोटी बशी उपडी ठेवा.

पानाची नक्षी करायची तर कोथिंबिरीचं एक पान पाण्याने ओलं करून अंड्यावर चिकटवा, कडा बोटाने सपाट करा. जुना नायलॉनचा पायमोजा कापून त्यात अंडं घट्ट आवळा, मागे गाठ मारा. गाठ ओढताना हात सैल ठेवा, अंडं रिकामं आहे हे विसरायला होतं. आता रंगात बुडवा आणि दोन तास विसरून जा. सोडलं की तांबूस अंड्यावर पांढरं पान, त्याच्या शिरांसकट. कढीपत्त्याचं एकच पान लावलं तर छान दिसतं, शेवग्याची बारीक पानंही. पूर्व युरोपात घरोघरी हीच युक्ती करतात, तिथे तिपतिया आणि रानफुलं लावतात.

हळदीचा पिवळा सुंदर येतो, पण उन्हाने उडतो, तेव्हा खिडकीत ठेवू नका. लाल कोबी उकळून व्हिनेगर घातलं की अंडं निळं होतं, कोबीचं पाणी जांभळं दिसलं तरी. बीटाचा गुलाबी पहिल्या दिवशी झकास, मग तपकिरी पडत जातो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

कोकमाच्या भानगडीत पडू नका. घरचं आगळ होतं, रंग तर डोळ्यांत भरणारा, म्हणून मी अंडं थेट त्यात सोडलं. लगेच कवचावर बारीक बुडबुडे सुटले, सोडावॉटरसारखे. आगळ आंबट, कवच चुन्याचं. अर्ध्या तासाने काढलं तर वरचा थर खडूसारखा बोटाला लागत होता आणि रंग त्याच्याबरोबर नळाखाली गेला. व्हिनेगर जास्त झालं तरी हेच होतं, म्हणून चमचा मोजून.

वाळलेल्या अंड्यावर मेणबत्तीचा तुकडा हलका घासून सुती फडक्याने पुसा. मंद तकाकी येते. वॉर्निश लावलंत तर मेहनत पाण्यात.

पुठ्ठ्याचं उघडणारं अंडं

या सगळ्या खटाटोपातला राजा हाच. आत खाऊ ठेवायचा, दोन्ही अर्धी मिटवायची आणि मुलाच्या हातात द्यायचं. वेळ लागतो, पण बराचसा वेळ वाळण्यातच जातो.

साचा शिमग्यालाच विकत घेऊन ठेवा. होळीला पाणी भरायचे जे छोटे फुगे असतात ना, ते. हवा भरून मोठ्या आंब्याएवढे फुगवले की आकार हुबेहूब अंड्याचा. मोठा फुगा गोल होतो आणि मग ते अंडं कमी, भोपळा जास्त वाटतो.

खळ अशी: अर्धी वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, अडीच वाट्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळत शिजवा. पांढुरकं पाणी काचेसारखं झालं की उतरवा. एप्रिलच्या दमट हवेत ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा रोज ताजी करा. पुस्तकं बांधणारे कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, आणि इथे आत खाऊ ठेवायचा आहे. आपल्या कामात मोरचूद नको. त्याऐवजी शेवटचे दोन थर खळीचे न देता निम्मं पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे द्या. माझ्या पहिल्या अंड्यावर फक्त मैदा होता आणि ते रात्री ओट्यावर राहिलं. सकाळी एका बाजूचं चित्रच नाही, झुरळांनी पुठ्ठा उघडा पाडला होता.

आता क्रमाने.

1. वर्तमानपत्राच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या हाताने फाडा. कात्रीने कापल्या की कड जाड राहते आणि वरून दिसते.

2. फुग्यावर एक थर वर्तमानपत्राचा, त्यावर एक थर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा, परत वर्तमानपत्र, असे सहा थर. आलटून पालटून लावले की कुठे राहिलं ते लगेच दिसतं. दर दोन थरांनंतर वाळू द्या.

3. वाळवताना फुगा दोरीला सावलीत टांगा. उन्हात ठेवलात तर आतली हवा तापून फुगा ताणतो आणि ओले थर उकलतात. मी गच्चीवर ठेवलेलं अंडं असंच शिवणीवर उसवल्यासारखं फाटलं होतं.

4. टिचकी मारल्यावर ठक् असा कोरडा आवाज आला की फुगा फोडा, बाहेर ओढून काढा, भोकावर दोन पट्ट्या चिकटवा.

5. मधोमध पेन्सिलीने रेघ. ती सरळ यावी म्हणून पेन्सिल एका वाटीवर आडवी टेकवून धरा आणि अंडं फिरवा. मग धारदार कटरने हळू कापा. रेघेला आडवी अशी छोटी खूण दोन्ही अर्ध्यांवर आधीच करून ठेवा, म्हणजे नंतर ती जुळवता येतात. ही खूण विसरलात तर झाकण प्रत्येक बाजूने थोडं थोडं चुकीचं बसतं.

6. कार्डशीटची दीड सेंटिमीटर रुंद पट्टी खालच्या अर्ध्यात आतून चिकटवा, निम्मी वर डोकावेल अशी. वरचं अर्धं तिच्यावर बसतं. घट्ट झालं तर पट्टी काचपेपरने घासा. सैल झालं तर आणखी एक कागद.

7. आतून फुलाफुलांचा कागद किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा. बाहेरून पांढरा पतंगी कागद फेव्हिकॉलने, सुरकुत्या पडल्या तर पडू द्या.

रंगाचं जरा विस्ताराने सांगते, कारण नवखे इथेच घसरतात. बाटलीतला गुलाबी, बाटलीतला पिवळा थेट लावू नका. चार चमचे पांढऱ्यात लालचा एक थेंब आणि कालवून झाल्यावर टोकावर घेतलेला गेरू. हिरव्याचंही तसंच, पांढरा जास्त, हिरवा कमी आणि चिमूटभर पिवळी माती. गेरू आणि पिवळी माती रंगाच्या दुकानात सुटी मिळते. ती घातली की रंग जरा खाली बसतो, ओरडत नाही. माझा अंदाज असा की कुठलाही रंग तुम्हाला 'थोडा फिका झाला का?' असं वाटला की तो बरोबर आहे.

चित्र आणि चहा

अंड्याच्या वरच्या अर्ध्यावर जुनं चित्र चिकटवायचं. 1900 ते 1915 या काळात युरोपात आणि अमेरिकेत ईस्टरची रंगीत पोस्टकार्डं प्रचंड खपत, त्यातली कितीतरी जर्मनीत छापलेली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने 2016 मध्ये आपल्या संग्रहातली हक्कमुक्त चित्रं मोफत खुली केली, तिथे शोधलं की जुनी पोस्टकार्डं सापडतात. पिल्लं, घंटा, फुलं असं काही निवडा.

छापताना रंगीत झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट मागा. घरच्या इंकजेटवर काढलेलं चित्र चहा लागला की ओघळतं. माझ्या एका पिल्लाची चोच गळ्यापर्यंत आली होती.

दोन चमचे चहा पावडर एक कप पाण्यात चांगली काळीकुट्ट उकळा, दूध-साखर अर्थातच नको, साखर राहिली तर मुंग्या. चित्राचा कागद ताटात ठेवून रुंद ब्रशने चहा फिरवा. मग एक कोपरा किंचित चुरगळा, परत उलगडा, आणि त्या चुरगळलेल्या भागावर दुसरा हात द्या. घडीत चहा मुरतो आणि बारीक तपकिरी रेषा उमटतात, आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकातल्या पानांवर असतात तशा. टिपकागदाने टिपून सावलीत वाळवा. कडा जाळून काळ्या करण्याची एक फॅशन आहे. ती मला शाळेच्या नाटकातल्या खजिन्याच्या नकाशासारखी वाटते.

चित्र चिकटवताना फुगीर पृष्ठभागावर कागद सपाट बसत नाही. कडेला चार-पाच ठिकाणी छोट्या चिरा द्या, त्या एकमेकींवर चढतील. त्या चिरा झाकायला पत्रिकेची सोनेरी पट्टी आहेच. पट्टी नसेल तर अगरबत्तीच्या पुड्यातला सोनेरी कागद वर्तमानपत्राच्या जाड गठ्ठ्यावर उलटा ठेवा आणि रिफिल संपलेल्या पेनने ठिपक्या-ठिपक्यांची रांग दाबा. सुलट केला की मोत्यांची कड.

शेवटी अंड्यावर पातळ तपकिरी रंगाचा हात देऊन लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्या. खाचांत राहतो, बाकी निघतो.

कापसाची पिल्लं

ससा मी करत नाही, हे आधीच सांगते. अंडी आणणाऱ्या सशाची प्रथा जर्मनीची, 1682 मध्ये गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या वैद्याने तिच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. तिथून ती अमेरिकेत गेली आणि तिथून चॉकलेटच्या वेष्टनांवर बसून आपल्याकडे आली. तुम्हाला करायचा असेल तर जरूर करा, पद्धत हीच. आमच्या वाडीत फिरते ती कोंबडी, म्हणून मी पिल्लं करते.

वर्तमानपत्राचा सुपारीएवढा गोळा आणि त्याहून लहान दुसरा, दोन्ही एका तारेत ओवा. तारेची दोन टोकं खाली, ते पाय. कापूस उलगडून अगदी पातळ थर काढा, पलीकडचं दिसेल इतका, आणि गोळ्यांभोवती गुंडाळा. ब्रशने पातळ खळ लावा. आता परत एक थर कापूस, परत खळ. जाड कापूस एकदम लावलात तर वात वळल्यासारखा गोळा होतो. चार थरांत पिल्लाला अंग येतं. शेवटचा थर फक्त थापा, दाबू नका, म्हणजे पिसांसारखं राहतं. खळ जरा ओली असतानाच फिका पिवळा रंग टेकवा, तो आपोआप पसरतो.

डोळ्यांना मोहरीचे दोन दाणे. चोच नारिंगी कार्डशीटची, अर्ध्या भाताच्या शिताएवढी. डोळे कुठे बसवता यावर पिल्लाचा स्वभाव ठरतो. वर आणि जवळ लावले तर घाबरलेलं, खाली आणि लांब लावले तर साधंभोळं. माझ्या पहिल्या सहांपैकी चार जण कायमचे संतापलेले आहेत, दरवर्षी त्यांना मागच्या रांगेत बसवते.

चमक हवी तर

जुन्या वस्तूंवर अभ्रकाचा किंवा काचेचा चुरा असे, म्हणून त्यांची चमक मंद असते. त्याऐवजी जाडं मीठ लावा असा सल्ला सगळीकडे दिसतो. कोरड्या हवेच्या देशात ते ठीक आहे. कोकणात मिठाला पाणी सुटतं हे बरणीत ठेवलेल्या मिठालाही माहीत असतं. माझ्या अंड्यांवरून ईस्टरच्या सकाळी थेंब ओघळत होते. पांढरी रांगोळी वापरा. फेव्हिकॉल लावून चाळणीतून भुरभुरवायची, वाळली की झटकायची. काचेचा चुरा मुळीच नको, घरात मुलं असतात.

घरटं आणि फांदी

काथ्या मोकळा पिंजा, वाटीच्या बाहेरून गोल गुंडाळा, फेव्हिकॉलचं पाणी शिंपडा, वाळल्यावर वाटी काढून घ्या. कडेला केळीच्या सोपटाचे धागे खोचले की घरटं खरंखुरं दिसतं. करवंटीत बसवलं तर टेबलावर हलत नाही.

अंड्यांचं झाडही याच घरट्याशेजारी. वाडीत पडलेली काजूची किंवा चिकूची वाळकी फांदी आणा, जी वाकडी असेल तीच. पाने काढून दोन दिवस उन्हात टाका, तिच्यातल्या मुंग्या निघून जातात. जुन्या पितळी तांब्यात वाळू भरून ती उभी करा. अंडी टांगण्यासाठी आगपेटीच्या काडीचा छोटा तुकडा मधोमध दोऱ्याने बांधा, मोठ्या भोकातून उभा आत सोडा आणि दोरा ओढा. काडी आत आडवी होते, अंडं लटकतं. जर्मनीतल्या झालफेल्ड गावात फोल्कर क्राफ्ट या गृहस्थांनी 1965 मध्ये आपल्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाला 18 अंडी टांगली होती. 2012 पर्यंत ती 10,000 झाली. आपल्याला बारा पुरेत. समुद्रावरचा वारा खिडकीतून येतो तेव्हा बाराही एकमेकांवर आपटतात, म्हणून फांदी आतल्या भिंतीशी.

आवरून ठेवताना

ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे पन्नास दिवस चालतो, तोवर सजावट राहू द्यायला हरकत नाही. पण पाऊस यायच्या आत ती डब्यात गेलीच पाहिजे. मिरगाचे ढग पाहून धावपळ नको. बिस्किटांचे पत्र्याचे डबे सगळ्यात चांगले. कोरड्या दुपारी, वस्तू पंख्याखाली तासभर ठेवून, मग वर्तमानपत्रात एकेक गुंडाळा. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वर्षभर जमवा आणि दोन-दोन टाका. कडुनिंबाची पानं पूर्ण वाळलेलीच हवीत, हिरवी टाकलीत तर ओल तुम्हीच आत ठेवलीत. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी फिरवा.

फुटलेली कवचं फेकू नका. बोटाने चुरून पुढच्या वर्षीच्या घरट्याच्या कडेला लावता येतात, कांद्याच्या रंगातली असतील तर फारच छान.

आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आत काय आहे ते. आमच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री कुणीतरी करंज्या असतील म्हणून डबा उघडतंच, आणि आतून चार संतापलेली पिल्लं त्याच्याकडे बघत असतात.